रायफलीच्या मॅगझीनवर ‘रिस्ट्रिक्टेड’ छापलंय, पुतण्यानं घ्यावं की सोडावं?

कोत_हवालदार_जांबोटी:

मंडळी, रामराम. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. मराठा लाइट इन्फन्ट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात कोतमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. रोज मोजून द्यायची, मोजून घ्यायची. त्यामुळं मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरून रायफलीला लावायचा डबा, हातात आलं की त्याची तब्येत मला कळते, पण कायद्यातलं काही कळत नाही, आणि अमेरिकेच्या कायद्यातलं तर बोलायलाच नको. म्हणून इथं विचारूलाय.

धाकट्या भावाचा थोरला पोरगा पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळ राहतो. कामाला रोज नदी ओलांडून न्यूजर्सीत जातो. गेल्या दिवाळीत त्याचं ग्रीन कार्ड आलं आणि संक्रांतीच्या आत गड्यानं एआर-१५ रायफल घेतली. भावाला सांगितलंय, वहिनीला अजून नाही. मला मात्र पहिल्या दिवशीच फोटो आला. लहानपणी माझा युनिफॉर्म इस्त्रीला न्यायचं काम त्याच्याकडं होतं, तेव्हापासून ही खोड.

तर शनिवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एकामागून एक सात फोटो. “काका, जागे आहात का? लगेच सांगा, टेबल आवरूलाय माणूस.” गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, एका म्हाताऱ्याच्या टेबलावर तीस गोळ्यांची ॲल्युमिनियमची मॅगझिनं, जुनी, राखाडी, दहा नग. नवीन घेतली तर बारा-पंधरा डॉलर पडतात म्हणे, हा सातला द्यायला तयार. स्वस्त का, तर प्रत्येकाच्या अंगावर इंग्रजीत छापलेलं: ‘रिस्ट्रिक्टेड मिलिटरी, गव्हर्मेंट, लॉ एन्फोर्समेंट, एक्स्पोर्ट यूज ओन्ली’, म्हणजे फक्त फौज, सरकार, पोलीस आणि निर्यातीसाठी. एकावर तारीखही वाचता आली, १९९८ ची.

ते वाचून माझी झोप उडाली. सरकारी माल म्हटल्यावर आमच्या डोक्यात एकच येतं, कुणाच्या तरी कोतमधनं गेलाय. आमच्याकडं एक मॅगझीन कमी भरलं तर अख्खी कंपनी रात्रभर बॅटऱ्या घेऊन रेंजवर गवत विंचरायची. मी स्वतः विंचरलंय. पहाटे चारला सापडलं, ते पण आमच्याच गाडीच्या सीटखाली. आणि इकडं हा म्हातारा दहा नग पोह्याच्या पाकिटासारखे मांडून बसलाय. मी लिहिलं, “हात लावू नकोस.” तो म्हणाला, “काका, सगळे घेऊलायत. पुढच्या इलेक्शननंतर असल्या मोठ्या मॅगझिनांवर बंदी येईल म्हणून लोक पेट्या भरूलायत.” शेवटी त्यानं म्हाताऱ्याला दहा डॉलर देऊन पुढच्या शनिवारपर्यंत माल अडवून ठेवलाय. तेवढा व्यवहार शिकलाय.

प्रश्न असे. एक, हे छापलेलं असताना साध्या माणसानं घेतलं तर गुन्हा होतो का? दोन, बंदी खरंच यायची असेल तर आता दहा घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे का? तीन, तो म्हणतो अक्षरं कानशीनं घासून काढतो. मला हे बिलकूल पटलेलं नाही. आणि चौथा माझा स्वतःचा. मी मे महिन्यात तिकडं जाणार आहे, व्हिजिटर व्हिसा आहे. येताना एक रिकामं मॅगझीन आठवण म्हणून आणून शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल काय? गोळी नाही, बंदूक नाही, नुसता पत्र्याचा डबा.

कुणी हसू नका.

रमवाला_फौजी:

हसलो नाही साहेब, पण तुमच्या शोकेसमध्ये कॅन्टीनच्या किती बाटल्या आहेत ते सांगा. त्यांच्यावर पण ‘फक्त सेनादलासाठी’ लिहिलेलं असतंय की. गावच्या लग्नात त्या कुणाच्या टेबलावर असतात ते मी पाहिलंय.

सीमाभाग_शांत:

बंदुकीचे धागे इथं कशाला? ऊस, कारखान्याची बिलं, कागदपत्रं मराठीत मिळत नाहीत, हे विषय संपले काय?

कोत_हवालदार_जांबोटी:

उसाचा धागा मीच मागच्या महिन्यात काढलेला, त्याला दोन उत्तरं आली. त्यातलं एक तुमचं, ‘सहमत’.

डेलावेअरकाठचा_शहापूरकर:

काका, नमस्कार. मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा, इकडं एकोणीस वर्षं झाली, आणि तुमच्या पुतण्यासारखाच नदीच्या या बाजूला राहतो. रेंजवर जातो, त्यामुळं हे सगळं भोगून झालंय. जरा लांबण लागेल.

आधी ती अक्षरं कुठून आली ते. १३ सप्टेंबर १९९४ ला इकडं केंद्राचा कायदा झाला. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन त्या दिवसानंतर बनलं असेल तर ते साध्या नागरिकाला विकायचं नाही, त्यानं बाळगायचं नाही. फौज, पोलीस आणि परदेशी निर्यात यांना सूट. आता कारखान्यातनं तर दोन्ही सारखीच निघणार, मग नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे ओळखायचं कसं? म्हणून नव्यावर शिक्का सक्तीचा केला. १९९४ च्या आधीची बिनशिक्क्याची मॅगझिनं मात्र खुशाल विकता येत होती. परिणाम काय झाला असेल ते तुम्हीच सांगा. ती ‘प्री-बॅन’ म्हणून सोन्यासारखी विकली जाऊ लागली. पिस्तुलाच्या साध्या मॅगझिनाला लोक शंभर डॉलरच्या वर मोजत होते.

या कायद्याला जन्मतःच दहा वर्षांची मुदत होती. १३ सप्टेंबर २००४ ला ती संपली, संसदेनं वाढवली नाही, कायदा मेला. शिक्का मात्र धातूवर राहिला. तुम्हाला कळेल असं सांगतो. तुमच्या जांबोटीवरनंच चोर्ल्याचा रस्ता जातो. गोव्याच्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ लिहिलेलं असतं, आणि कणकुंबीच्या नाक्यावर ती सापडली तर तुमची गाडी बाजूला लागते, कारण त्या अक्षरामागचा कायदा जिवंत आहे. उद्या तो कायदा रद्द झाला तर जुन्या बाटलीवरचं लेबल काय कामाचं? तुमच्या पुतण्याच्या मॅगझिनाचं तसं झालंय. रमवाले फौजी म्हणतात ती कॅन्टीनची बाटली मात्र वेगळी, तिच्यामागचा नियम अजून चालू आहे. त्यांनी जपून राहावं.

चोरीचा माल असण्याची शंका रास्त, पण १९९४ ते २००४ मध्ये पोलीस खात्यांनी आणि फौजेच्या ठेकेदारांनी घेतलेला, पुढं जादा ठरून विकलेला माल बाजारात भरपूर आहे. शिक्क्यावरनं चोरी सिद्ध होत नाही.

आता राज्यं. पेनसिल्व्हेनियात गोळ्यांच्या आकड्यावर राज्याची मर्यादा नाही, तिथं घरात ठेवलं तर प्रश्न नाही. पण काका, तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य मला सगळ्यात भ्यायला लावणारं वाटलं: रोज नदी ओलांडून न्यूजर्सीत जातो. न्यूजर्सीत १९९० पासून पंधराची मर्यादा होती, २०१८ मध्ये ती दहावर आणली. तीस गोळ्यांचं मॅगझीन नुसतं डिकीत सापडलं, रिकामं, बंदूक घरी, तरी तो फौजदारी गुन्हा आहे, दीड वर्षापर्यंत कैद. शनिवारी रेंजवरनं आला, बॅग गाडीतच राहिली, सोमवारी बेन फ्रँकलिन पुलावरनं ऑफिसला निघाला, संपलं. तिकडं जाताना पुलावर कुठं तपासणी नाका नाही, बॅरिकेड नाही, त्यामुळं हद्द ओलांडली हे जाणवतच नाही. ग्रीन कार्डवाल्याला असला गुन्हा लागला तर वकिलाचा खर्च ही सगळ्यात लहान काळजी. त्याला सांगा, गाडीत मॅगझीन राहू द्यायचं नाही, रेंजवरनं आल्यावर बॅग हातात घेऊनच घरात शिरायचं.

एका राज्यात शिक्क्याला अजून अर्थ होता असं मी स्वतः पाहिलं, मॅसॅच्युसेट्समध्ये. त्यांनी १३ सप्टेंबर १९९४ हीच तारीख आपल्या राज्याच्या कायद्यात कायम ठेवली. तिथं हा शिक्का म्हणजे ‘मी तारखेनंतरचं आहे’ असा स्वतःहून दिलेला कबुलीजबाब. बोस्टनला बदली होण्याची शक्यता असेल तर घेऊच नये.

साठवणुकीचं. मी २०१२ च्या डिसेंबरात दुकानात रांगेत उभा होतो. सँडी हूकच्या शाळेत वीस लेकरं मारली गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात मॅगझिनांचे भाव दुप्पट-तिप्पट. मीही घेतली, आज सांगायला लाज वाटते. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये बंदीचं विधेयक ४० विरुद्ध ६० नं पडलं आणि वर्षभरात भाव पुन्हा जमिनीवर. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहानं पुन्हा एक विधेयक २१७ विरुद्ध २१३ नं मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडकून विरलं. केंद्राचं असं आहे. राज्यांचं मात्र तसं नाही. कोलोरॅडोनं २०१३ मध्ये पंधराची मर्यादा घातली, वॉशिंग्टन राज्यानं २०२२ मध्ये दहाच्या वर विक्री बंद केली, इलिनॉयनं २०२३ मध्ये. म्हणजे ‘बंदी येणार नाही’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तेही खोटं.

आणि लोक विसरतात ते हे. कोलोरॅडोनं आधीपासून ज्याच्याकडं आहे त्याला ठेवू दिलं. न्यूजर्सीनं २०१८ मध्ये तसं केलं नाही. १८० दिवस दिले, तेवढ्यात विका, राज्याबाहेर न्या, कापून लहान करा नाहीतर पोलिसांत द्या. पेट्या भरणाऱ्याचा सगळा हिशोब ‘जुन्याला सूट मिळेल’ या एका गृहीतावर उभा असतो. सूट नाही मिळाली तर ज्याच्याकडं दहा त्याला दहापट कटकट.

घासायचं तर मुळीच नाही. आज पेनसिल्व्हेनियात त्या अक्षरांनी काही बिघडत नाही. घासलेला पत्रा बघून मात्र कुठलाही पोलीस पहिला प्रश्न विचारेल तो ‘का घासलं’. शिवाय उद्या पेनसिल्व्हेनियानं कोलोरॅडोसारखा कायदा केलाच, तर १९९८ ची तारीख त्याच्या बाजूनं बोलेल, की माल कायद्याआधी बनलेला आहे. ज्या शिक्क्याला घाबरला तोच कामाला येईल.

शेवटचं, तुमच्यासाठी. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इकडच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा गोळी बाळगायला बंदी आहे. नोकरीच्या एचवन-बी व्हिसावाल्यांनाही तेच. एखाद्या राज्याचं शिकारीचं लायसन्स काढलेलं असेल तर सूट मिळते. पुतण्या प्रेमानं रायफल हातात देईल. ती घेण्याआधी ते लायसन्स तुमच्या खिशात असू दे, नाहीतर लांबनं बघा.

कोत_हवालदार_जांबोटी:

शहापूरकर, एवढं सविस्तर लिहिलंत, उपकार झाले. चोर्ल्याची गोष्ट लगेच डोक्यात बसली. पुलाचं त्याला फोन करून सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, “काका, गेल्या महिन्यात एकदा बॅग तशीच होती.” मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रायफल हातात घ्यायला बंदी हे मात्र मनाला लागलं. चोवीस वर्षं देशाची उचलली, आता पुतण्याची उचलायला शिकारीचा परवाना. असो, त्यांचा देश, त्यांचे नियम.

वकिली_बेळगाव:

चौथ्या प्रश्नाचं मी बघतो, तो आमच्या बाजूचा.

हवालदारसाहेब, रिकामं मॅगझीन म्हणजे ‘नुसता डबा’ हे विसरा. शस्त्र कायदा १९५९, कलम २ मधली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचा, त्यात शस्त्राचे सुटे भागही येतात. परवान्याशिवाय आयात करता येत नाही. त्यातून हे ५.५६ मिलिमीटरच्या गोळीचं, म्हणजे आपल्याकडं फौज-पोलिसांच्या हत्याराचं. विमानतळावर एक्सरेमध्ये ते कसं दिसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कुरिअरनं पाठवायचं तर त्याहून वाईट, तिकडचे निर्यातीचे नियम पण अंगावर येतील.

बॅगेत चुकून काडतूस राहिलेल्या माणसांची प्रकरणं येतात, त्यात कोर्ट बघतं की ताबा जाणीवपूर्वक होता का. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश, १९७२, सर्वोच्च न्यायालय, तेव्हापासून हा विचार चालत आलाय. पण तुम्ही इथं हजार लोकांसमोर लिहून ठेवलंय की आठवण म्हणून आणणार आहे. मग कुठल्या तोंडानं सांगू, माझ्या अशिलाला माहीत नव्हतं?

आणि ‘जुन्याला सूट’ या गोष्टीवर माझा पण अनुभव ऐका. डिसेंबर २०१९ पर्यंत आपल्याकडं एका माणसाला परवान्यानं तीन हत्यारं ठेवता यायची. दुरुस्ती आली, दोनच. तिसरं वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा. आमच्या घरी आजोबांची बारा बोअर, वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि पणजोबांची ठासणीची बंदूक. ठासणीच्या बंदुकीनं माझ्या हयातीत एक डुक्कर मेलं नाही. दसऱ्याला पूजा, एवढाच तिचा धंदा. तरी वडिलांना ती सोडवेना. रिव्हॉल्व्हर देऊन टाकू म्हणाले, त्याला माया नाही. मग कामाला येणाऱ्या दोनपैकी एक जाणार म्हणून काकांनी भांडण काढलं. सहा महिने घरात हेच. शेवटी रिव्हॉल्व्हर विक्रेत्याकडं गेलं, मिळालेली किंमत सांगत नाही. कागद घ्यायला मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या, चौथ्या खेपेला कळलं की पहिला अर्ज चुकीच्या फायलीत लावलेला होता. परवाना रीतसर, हत्यार रीतसर, साठ वर्षं नूतनीकरण, तरी कायदा आमच्या कपाटापर्यंत आलाच.

कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव लोकांना परवान्यातनं सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवलेली पण आहे. आम्ही त्याच राज्यात, पण आम्हाला नाही. म्हणून सांगतो, सूट कुणाला मिळेल हे आधीपासून धरून चालू नये.

रमवाला_फौजी:

वकीलसाहेब, निवडणुकीला जमा करून परत आणताना आमच्या बारा बोअरच्या दस्त्याला चीर पडलेली, ती कुणाच्या कपाळी लिहायची? बंदूक नसली की बरोबर त्याच दीड महिन्यात डुकरं भुईमुगात उतरतात. त्यांना आचारसंहितेची तारीख कोण कळवतं देव जाणे.

डेलावेअरकाठचा_शहापूरकर:

काका, मॅगझिनांची तब्येत कशी होती ते तुम्ही लिहिलंच नाही. त्यातलं आम्हाला काही कळत नाही. सात डॉलर स्वस्त की महाग?

कोत_हवालदार_जांबोटी:

बघितली. शनिवारी त्याला टेबलापाशी उभा केला आणि व्हिडिओ कॉलवर एकेक फिरवायला लावलं. म्हातारा बाजूला खुर्चीवर बसून बघत होता. पुतण्यानं त्याला सांगितलं, माझा काका इंडियन आर्मीचा, तर त्यानं कॅमेऱ्याला सलाम ठोकला. मी पण लुंगीवर होतो तरी ताठ बसून परत ठोकला.

ॲल्युमिनियमचं मॅगझीन बघायचं तर पहिल्यांदा वरचे ओठ, गोळी धरून ठेवतात ते. तिथं पत्रा पसरला असेल तर एका वेळी दोन गोळ्या वर येतात आणि रायफल अडकते. दहातली तीन तिथंच बाद. मग मागच्या बाजूची जोडणी, तिथं वेल्डिंगजवळ केसाएवढी चीर असते, उन्हात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. एक बाद. मग आतला फॉलोअर, गोळ्या वर ढकलणारा तुकडा. अंगठ्यानं पुढचं टोक दाबायला लावलं. जुन्या घडणीचा तिरका होऊन अडकतो, नवीन सरळ खाली जातो. दोन अडकली, पण तो तुकडा दोन-तीन डॉलरला बदलून मिळतो म्हणे, म्हणून ठेवली. शेवटी तळपट्टी काढून स्प्रिंग. एकाची स्प्रिंग गंजून तांबडी, ते पण परत. आमच्या इन्सासचं मॅगझीन प्लॅस्टिकचं, वीस गोळ्यांचं, आरपार दिसायचं, गोळ्या मोजायला सोयीचं. पण थंडीत वर गेलो की तडकायचं. त्यामुळं धातूचं बघितलं की मला जरा बरं वाटतं, हे माझं म्हातारपणाचं वेड समजा.

दहातली पाच राहिली. पाच घे म्हटलं, पेटी भरू नकोस. म्हाताऱ्यानं ते दहा डॉलर त्यातच वळते करून घेतले. पावती मागितली तर त्यानं वहीचं पान फाडून तारीख टाकून सही दिली. ते पान मॅगझिनांबरोबर ठेवायला सांगितलंय. अक्षरांना कानस लावली नाही. तीसऐवजी अठ्ठावीस भर असंही सांगितलं, त्यावर “का” असं विचारलं नाही, म्हणजे युनिफॉर्म नेण्याचा काही तरी उपयोग झाला.

शोकेसचा विचार सोडला वकीलसाहेब. तुमच्या फीपेक्षा रिकामं शोकेस परवडतं.

मे महिन्याचं तिकीट आलंय. शिकारीच्या लायसन्सचं पुतण्या बघूलाय, कसला तरी कोर्स करावा लागतो काय ते विचारून सांगतो म्हणाला. भावानं वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तिनं काल मला विचारलं, “भावोजी, तुमच्या दोघांचं रात्री-अपरात्री काय चालू असतंय?” म्हटलं, नोकरीचं बोलूलाय.